अ वाटी, ब वाटी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले साखळकर काका हॉटेलात जेवायला जाताना खिशात आंबटपणा मोजायच्या कागदाची गुंडाळी घेऊन जातात. भाजी टेबलावर आली की आधी घास नाही, आधी कागद. तो रश्शात बुडवायचा, उजेडाकडे धरायचा आणि कोणता रंग आला ते वहीत लिहायचं. कळंबोलीच्या हायवेवरच्या हॉटेलात ते मला आणि माझ्या नवऱ्याला, विनयला, एकदा हौसेने घेऊन गेले होते. कागद बुडताना बघून वेटर धावतच आला.

"अंकल, खाने में कुछ गिरा क्या?"

"गिरा नहीं. सँपल घेतोय," काका म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने आपली पनीरची डिश हळूच बाजूला सारली. मी मेनूकार्डात तोंड खुपसून बसले. नवल म्हणजे काकांना त्याचं काहीच वाटलं नाही.

काका तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत माल तपासायचे. सगळी नोकरी दुसऱ्यांनी बनवलेलं रिजेक्ट करण्यात गेली. 'स्पेक' हा त्यांचा लाडका शब्द, म्हणजे ठरवून दिलेलं माप. रिक्षावाला स्पेकमध्ये नाही, सोसायटीच्या टाकीचं पाणी स्पेकमध्ये नाही. लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "स्थळं आली हो, पण मीच कुणाच्या स्पेकमध्ये बसलो नाही." आणि स्वतःच हसायचे. आम्हीही हसायचो.

रिटायर झाल्यावर या गृहस्थाने एकच ध्यास घेतला. त्या हायवेवरच्या हॉटेलातला पनीर मसाला घरी बनवायचा. साधारण तसा नव्हे, अगदी तसाच. "साधारण म्हणजे किती टक्के?" असं ते मलाच विचारायचे. मग काय, काजू, मगजबी, कांदा, सगळं सोनाराच्या दुकानात असतो तसल्या काट्यावर. एकदा कोळशाचा धूर देताना तो जिन्यात पसरला आणि कामोठ्यातल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन वाळूची बादली घेऊन तीन मजले पळत आला. काका शांतपणे म्हणाले, "ठेव इथेच. पुढच्या बॅचला लागेल."

इथपर्यंत सगळं गमतीचं. पण प्रत्येक बॅचची परीक्षा व्हायची ती आमच्या डायनिंग टेबलावर, दर रविवारी साडेबाराला. काका दोन स्टीलच्या वाट्या घेऊन यायचे. वाट्यांना बाहेरून चिकटपट्टी, एकीवर अ, दुसरीवर ब. एकीत हॉटेलची भाजी, दुसरीत घरची. कोणती कुठली ते बंद पाकिटात. आम्ही चाखून हॉटेलची ओळखायची. चुकलो तर काका पास.

आमची पानं वाढलेली, पोळ्या गार होतायत आणि काका टेबलाच्या कोपऱ्याशी पेन घेऊन उभे, नजर माझ्या घशावर.

"गिळलंत? आता सांगा, मॅडम."

मी कधीच चुकले नाही. काकांचा हात कसुरी मेथीला सैल होता, पहिल्या चमच्यालाच कळायचं. ते पाकीट फाडायचे, "फेल!" म्हणायचे आणि चक्क खुशीत वहीत लिहायचे. मी वाट्या तिथल्या तिथे विसळून त्यांच्या हातात द्यायची आणि दार लावून घ्यायची. विनय तर बेल वाजली की अंघोळीला पळायचा. रविवारी दोनदा अंघोळ करणारा कामोठ्यात तोच एक असेल.

दीड वर्ष हे चाललं. शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. वाशीला सिनेमाला जायचं होतं, विनयने बूटही घातले होते, आणि बेल वाजली. मी उभ्या उभ्या अ वाटीत चमचा घातला. मेथी! काकांचीच भाजी. ब तर मी नुसती ओठांना लावली आणि ठरवलं, आज या माणसाला पास करून टाकायचं, म्हणजे कटकट संपेल.

"काका, अ हॉटेलची! शंभर टक्के! काय चव आहे!" एवढंच करून थांबले नाही, डोळेसुद्धा मिटून दाखवले.

काकांनी पाकीट फाडलं नाही. ते तसंच खिशात ठेवलं. "म्हणजे... पास?" म्हणाले. पेनाला टोपण लावलं आणि गेले. वाट्या घ्यायच्या विसरले.

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. आम्ही गरम पोळ्या खाल्ल्या आणि मी माझ्या हुशारीवर खूश होते. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी ओटा आवरताना कोपऱ्यातल्या त्या दोन वाट्या हातात आल्या. आईचं म्हणणं आठवलं, शेजारचं भांडं रिकामं परत करू नये. काही नसेल तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामं देऊ नको. दीड वर्ष मी या वाट्या रिकाम्याच दिल्या होत्या. आणि भर जेवणाच्या वेळी दारात आलेल्या एकट्या माणसाला "बसा" म्हणायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. ओट्याशी उभी राहून मला माझीच इतकी लाज वाटली की विनयला हाक मारायचाही धीर होईना.

दोन्ही वाट्यांत चिंचगुळाची आमटी भरली आणि समोरची बेल वाजवली. काका बनियनवर होते, घाईने शर्ट चढवून आले. टेबलावर एक ताट, त्यात मुगाची खिचडी. बस, एवढंच.

"काका, मी खोटं बोलले त्या दिवशी. अ तुमची होती, मला कळलं होतं. मी... कंटाळले होते. चुकलं माझं."

काका लालबुंद झाले. त्यांनी कॅलेंडरमागून ते पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. अजून बंदच होतं. मी वाट्या टेबलावर ठेवल्या आणि ते फाडलं. आत त्यांच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'अ – घर. ब – घर.'

"हॉटेल बंद होतं हो त्या दिवशी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आचारी गावाला गेलेले. लॅबमध्ये सगळी नोकरी केली, एक रीडिंग खोटं लिहिलं नाही कधी. आणि तुमच्याकडे एकाच पातेल्यातलं दोन्ही वाट्यांत घालून आणलं. तुम्ही पास केलंत, तेव्हा वाटलं की तुम्ही ओळखलंत आणि माझी लाज राखलीत. मग तोंड कसं दाखवायचं?"

"अहो, मग त्या रविवारी नुसतं सांगायचं, आज नाही म्हणून. सुट्टी घ्यायची एक दिवस." असलं काहीतरी मी बोलून गेले.

"हो ना," काका म्हणाले. "पण रविवार होता."

त्यांनी टेबलावरची अ वाटी घेतली, चमचा बुडवला, सवयीने खिशातलं पेन चाचपलं. आमटी गिळली. मी त्यांच्या घशाकडे बघत उभी.

"काय काका? स्पेकमध्ये?"

"गूळ जरा पुढे आहे," ते म्हणाले. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी वाटी खाली ठेवली आणि लगबगीने दुसरी खुर्ची ओढली. तिच्यावरची वर्तमानपत्रं उचलली, शर्टाच्या बाहीने धूळ पुसली.

"अहो, उभ्या काय, मॅडम? बसा ना. जेवणाची वेळ आहे, दोन घास खाऊनच जा."