मागे बसलेल्यांची मते बाद

सर्वेक्षणातील चूक नेहमी उत्तर देणाऱ्याकडून होते, हे सर्वेक्षण करणाऱ्यास पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तंत्रनिकेतनात शिकून पस्तीस वर्षे एका कारखान्याच्या मोजमाप विभागात काढलेल्या आजोबांना तर ते विशेष ठाऊक होते. म्हणूनच "बाबा, आता स्कूटरची किल्ली माझ्याकडे द्या," असे सून म्हणाली तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही, प्रश्नावली काढली. त्र्याहत्तराव्या वर्षी आपण स्कूटर चालवावी काय, हे बहुमत ठरवील आणि ते आपण पाळू, असे लेखीही दिले.

पहिल्या फेरीत घरातल्या-शेजारच्या नऊपैकी आठ जणांनी होकार दिला. (नववी सून.) होकार देऊन झाल्यावर आजी म्हणाली, "अहो, तुम्ही समोर पेन सरसावून बसलात तर खरं कोण बोलेल? भीड पडते माणसाला."

भीड हा दोष ग्राह्य धरून आजोबा दुसऱ्या फेरीत दाराआड उभे राहिले. दाराखालून चपला दिसत होत्या, तरी विरोधी मते चारवर गेली. तिसऱ्या फेरीत निनावी चिठ्ठ्या. विरोधी मते नऊ. (एकीवर "माझा गुडघा अजून दुखतो" एवढेच होते. अक्षर आजीचे.)

मोजमाप विपरीत आले की आधी मोजणाऱ्याला तपासा, असे आजोबा नवशिक्यांना बजावत असत. पण तो नियम यंत्रांसाठी होता. त्यांनी उत्तरे देणाऱ्यांना तपासले आणि दोष सापडला: नऊही जण कधी ना कधी त्यांच्या मागे बसले होते! अनुभवाने दूषित झालेली ही मते सबब बाद ठरली. उरला कोपऱ्यावरचा स्कूटर-मिस्त्री. तो म्हणाला, "चालवा हो बिनधास्त, मी आहे ना!" तज्ज्ञाचे मत म्हणून ते दोनदा धरले.

"बाबा, त्याचं दुकान तुमच्यावर चालतं."

"तो हितसंबंध झाला, सूनबाई. पूर्वग्रह नव्हे."

मात्र एका माणसाच्या दोन मतांना बहुमत म्हणत नाहीत, हे सुनेने त्यांच्याच लेखी कागदावर बोट ठेवून दाखवले आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

तेव्हा वाचकहो, आजोबांना निर्दोष उत्तरदाते तातडीने हवे आहेत. आपण त्यांच्या मागे कधी बसला नाहीत, त्यांना पाहिलेलेही नाही, आणि तरी आपले मत केव्हाच ठरले आहे. आपल्याहून लायक माणूस त्यांना कोठे मिळणार?