साबळ्यांचा रोजचा केसपेपर

आमच्या बिबवेवाडीतले शेजारी साबळे महापालिकेच्या बाकावर कधी बसत नाहीत. नवा बाक दिसला की त्याला छत्रीचं टोक टोचून विचारतात, "बोला, कोणाची औषधं खाऊन आलात?" कारंजं असो, रंगवलेली भिंत असो, चौकशी हीच. पैसा एकच असतो म्हणे. बागेत दिसला की दवाखान्यातून गेलाच.

मी चौथी शिकलेली, पण माणूस मला कळतो. साबळ्यांवर माझा संशय होता. प्रकृती ठणठणीत, जिना माझ्याआधी चढतात, तरी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या महापालिकेच्या दवाखान्यात. काय होतंय विचारलं तर म्हणाले, "खाजगी आहे, वहिनी."

गोळ्या नेऊन विकत असणार. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच येतात आणि मागच्या महिन्यात तिथे संपल्या होत्या. एका सकाळी मी मागोमाग गेले.

खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, काल गुडघा होता. आज?"

"पाठ लिहा."

मी पुढे झाले. "काय चाललंय हे?"

साबळे दचकले नाहीत. "हळू बोला. रुग्ण कमी म्हणून दवाखाना हलवणार आहेत. इथे ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र करायचंय. मी रोज एक रुग्ण वाढवतो."

"मग होऊ दे की केंद्र. एकटेच तर असता. कॅरम खेळा."

"आणि तुमच्या गोळ्या? दोन बस बदलून जाणार आहात?"

दोन बस म्हणजे माझी अख्खी सकाळ.

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. पडदा अर्धाच होता. डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिलीच नाही. मनगट धरलं आणि विचारलं, "काल रात्री जेवलात?"

"जेवलो ना. भात, आमटी."

साफ खोटं. आमची भिंत एकच आहे. त्यांचा कुकर तीन दिवस वाजलेला नव्हता.

मनगट सोडलं तरी साबळे जरा वेळ हात तसाच टेबलावर ठेवून बसले. मग उठून, माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी खिडकीवर जाऊन केसपेपर काढला. माझा नंबर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय त्रास होतोय, आजी?"

म्हटलं, "मला काही नाही. ते जेवलेले नाहीत. आज मी डबा देते. उद्या तुम्ही परत विचारा."