नदीपलीकडची पिपलिया

आमच्या शेजारच्या पुराणिककाकांच्या अंगणात पाय बघून टाकावा लागतो. "हट ना जरा, तहसिलीवर उभा आहेस," हे ते चहा विचारायच्या आधी सांगतात. जिल्हा तोडून नवा जिल्हा करायचा विचार आहे, अशी बातमी पेपरात आली आणि काकांनी काकूंची रांगोळी पळवून अंगणात नव्या जिल्ह्याचा नकाशा काढायला घेतला. रस्त्यांना गेरू, नदीला कपड्यांची नीळ. सरकारचं काय व्हायचं ते होईल, उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या गल्लीत नवा जिल्हा रोज सकाळी तयार असतो.

काका बँकेतून रिटायर झालेले. कामवालीच्या झाडूखाली एखादी तहसील गेली, की "प्रशासकीयदृष्ट्या हे बरोबर नाही" म्हणत पुन्हा उकिडवे बसतात. हा शब्द त्यांना कुठेही चालतो. परवा आमटी चाखून म्हणाले, "प्रशासकीयदृष्ट्या मीठ कमी आहे." काकूंनी वर न बघता सांगितलं, "कलेक्टरकडे अर्जी द्या."

नकाशा तसा झकास होता. सीमा नदीच्या काठाने शहाण्यासारखी चालायची. पिपलिया गाव आलं, की एकदम नदी ओलांडून त्याला वळसा घालून परत यायची. तेवढ्या एका गावापायी उज्जैनला नाक फुटलं होतं. कुणी विचारलं, की काका तयारच असत. तिथले लोक बाजाराला इथे येतात, दवाखान्याला इथे येतात, इतकंच काय, तिथली कोथिंबीरही इथेच विकते. काकांनी तिकडे गुपचूप जमीन घेतली असणार, असं आमच्या गल्लीने ठरवूनही टाकलं.

मग हरकतींची सुनावणी लागली. मी काकांना स्कूटरवर घेऊन गेलो. रस्ताभर माझ्या पाठीमागे बाजार, दवाखाना, कोथिंबीर यांची उजळणी चालू होती.

अधिकारी तरुण होता. त्याने नकाशावर बोट ठेवून विचारलं, "दादाजी, आसपास के सब गाँव नए जिले में जा रहे हैं. यही एक उज्जैन में क्यों रहे?"

काकांनी तोंड उघडलं आणि सगळं विसरले. चष्मा काढून पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "साहब, वहाँ मेरी बड़ी बहन है. ब्याह के टाइम बहुत रोई थी. पिताजी ने समझाया, जिला तो अपना ही है, बाळ्या आता-जाता रहेगा." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अब मुझे बाळ्या कहने वाली वही एक बची है."

मला फार वाईट वाटलं. जमिनीची ती गोष्ट गल्लीभर मीच रंगवून सांगितली होती.

अधिकाऱ्याने नकाशावरचं बोट उचललं. मग म्हणाला, सीमा नदीनेच जाईल, पण भेटायला कोण अडवतंय. काका "जी" म्हणून उठले.

बाहेर येऊन मी स्कूटर सुरू केली. काका मागे बसले आणि म्हणाले, "घरी नको. देवास गेटला सोड, पिपलियाची बस मिळेल. काकूला सांग, दोन दिवस आक्काकडे राहून येतो. अजून तरी जिल्ह्याबाहेर नाही चाललो."