कवडूभाऊंच्या दारावरची खूण

त्या डिसेंबरात धानोऱ्यात एक गृहस्थ खांद्यावर ओले फडके टाकून लोकांच्या भिंती पुसत हिंडत होते. ते कवडूभाऊ, हिवतापाच्या फवारणीचे निरीक्षक आणि माझे शेजारी. मी मुलींच्या शाळेत शिकवीत असे. आमच्या घरांमध्ये कुडाची एकच भिंत होती, आणि त्यांचा संताप तिच्यातून धुरासारखा माझ्याकडे झिरपत राही.

सरत्या वर्षी आरोग्याची खबर ठेवण्याची नवी युक्ती निघाली होती. ज्या घरात डीडीटी फवारली, त्याच्या दाराशी गेरूने एक गोल काढायचा आणि गोलात फुली. वर्षअखेरीस फवारणीवाले पुन्हा येणार, ते खूण नसलेली घरे तेवढी घेणार.

"माणूस खोटं बोलते बाई, भिंत नाई बोलत," असे कवडूभाऊ अभिमानाने म्हणत. दूधवाल्याशी भांडतानाही ते त्याला हेच सुनावीत.

मग दिवाळी आली. बायकांनी पांढऱ्या मातीने भिंती सारवल्या, आणि त्या ओल्या, गार वासात खूण पुन्हा रेखली, पहिलीहून देखणी. ज्यांच्या घरी ती नव्हती, त्यांनीही रेखली. जिल्ह्याच्या साहेबांनी जीपमधून साऱ्या खुणा पाहिल्या आणि ते प्रसन्न होऊन परतले.

"जीपमधून ताप दिसते का?" कवडूभाऊ कुडापलीकडून गरजले. दुसऱ्या दिवसापासून ते घराघरात शिरून छपराचे वासे हुंगू लागले. औषधाचा उग्र दर्प नसला, की बाहेर येऊन खूण पुसायची.

सोनाबाई म्हातारीच्या दाराशी मीही होते. तिच्या खुणेला पाकळ्या फुटल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंना मोर उभे होते.

"काऊन वो बाई, हे कोनं काढलं?"

"मीच. तुमची फुली लय उघडी दिसे, म्हून मोर देले."

"हिवतापात मोर कुठी आला?"

"शेजारणीच्या घरी खूण आहे, तिचं पोरगं उठून हुंदडून राह्यलं. माह्या नातवानं का पाप केलं?"

"तिच्या घरी दवाई फवारली होती, तुमच्या नाई. खूण पाहून फवारावाले पुढं जातीन, अन् नातू कुडकुडत राहीन."

त्यांनी फडके फिरवले. मोर लाल पाण्यासारखे भिंतीवरून ओघळले.

"घर बोडकं केलं भाऊ तुमी," म्हातारी म्हणाली.

पुसलेले प्रत्येक घर फवारून होईपर्यंत कवडूभाऊ फवारणीवाल्यांच्या मागे उभे राहिले. सोनाबाईचे सर्वांत आधी. स्वतःच्या घराची पाळी त्यांनी शेवटी ठेवली होती. ती येण्याआधीच त्यांना थंडी वाजून ताप भरला. कुडापलीकडे त्यांची बाज करकरत होती. दात वाजत असतानाही साहेबांना शिव्या चालूच होत्या.

सकाळी त्यांच्या दाराशी, भिंतीवर, तांदळाच्या पिठाने काढलेला गोल होता. आत फुली, भोवती पाकळ्या, दोन मोर. सोनाबाई बोटांचे पीठ लुगड्याला पुसत घराकडे वळली होती. त्या दारावर सणासुदीलाही कुणी रेघ काढल्याचे मी पाहिले नव्हते.

दुपारी फवारणीवाले आले, खूण पाहून पुढे गेले. कवडूभाऊ घोंगडी पांघरून उंबऱ्यात बसले होते. त्यांनी हाक मारली नाही.

ताप उतरल्यावर ते परसातून, माझ्या काटेरी कुंपणाला खेटून ये-जा करू लागले. पुढच्या दाराने गेले, तर खांदा भिंतीला घासण्याची भीती होती.

वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी त्यांनी चहा घेता घेता मला वर्षाचा हिशेब ऐकवला. युक्ती चांगली, साहेब निकामी, बायका बेशिस्त. "पन आता गावात खोटी खूण एक बी नाई."

मी त्यांच्या दाराकडे पाहिले. उतरत्या उन्हात पिठाचे मोर फिकट पिवळे झाले होते.

कवडूभाऊंनी कप खाली ठेवला.

"माणूस खोटं बोलते बाई," ते म्हणाले, आणि तेवढ्यावरच थांबले.