जयनगरच्या घराला लागलेला घसारा

त्रिविक्रमरावांनी बेंगळूरच्या कारखान्यातून ऐच्छिक निवृत्ती घेतली आणि त्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं, की वर्षाच्या आत आपण सरकारमान्य व्हॅल्युअर होणार. आधी घरात जाहीर केलं, मग गल्लीत, मग मराठी मंडळात, आणि शेवटी फोर्थ ब्लॉकमधल्या भाजीवालीला. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिनं कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत दोन मिरच्या जास्त टाकल्या, आणि त्रिविक्रमरावांनी तो शुभशकुन मानला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसं हे बाशिंग होतं; फक्त नवरा सत्तावन्न वर्षांचा होता.

व्हॅल्युअर म्हणजे घराजमिनीची किंमत ठरवून देणारा माणूस. बँकेला कर्ज द्यायचं असो की कोर्टात वाटणी व्हायची असो, हा टेप घेऊन येतो, मोजतो, आकडा लिहितो आणि खाली सही ठोकतो. त्या सहीसाठी मात्र शिकावं लागतं. डिग्रीवाल्या इंजिनिअरला फारशी कटकट नाही. डिप्लोमावाल्यानं वर्गात बसायचं, पेपर द्यायचे, एखाद्या जुन्या व्हॅल्युअरच्या हाताखाली उमेदवारी करायची आणि एका खऱ्या घराचा रिपोर्ट करून दाखवायचा, असा तिथला नियम होता. त्रिविक्रमराव डिप्लोमावाले. कारखान्याच्या वसाहतीतल्या भिंती, गटारं, पाण्याच्या टाक्या त्यांनी उभी नोकरी सांभाळल्या, आणि डिग्रीवाली पोरं त्यांच्या डोक्यावरून साहेब होत गेली. निरोपाच्या समारंभातसुद्धा त्यांच्या नावापुढे 'इंजिनिअर' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. हे त्यांना फार लागलं होतं. ती एक सही त्यांना त्यासाठी हवी होती.

त्यांची बायको हेमलता हिला मात्र सही हवी होती ती दुसऱ्याची. जयनगरचं घर तिच्या वडिलांनी बांधलेलं. ते गेल्यावर घर हेमलता आणि तिचा पुण्याचा धाकटा भाऊ पद्माकर, दोघांच्या नावावर झालं. पद्माकर इतकी वर्षं म्हणत आला होता, "अक्का, त्या जुन्या कौलारू घराचं मी काय करू? तूच राहा." या गणपतीत तो येणार होता आणि सणानंतरच्या सोमवारी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन आपला हक्क सोडणार होता. म्हणजे ज्या स्वयंपाकघरात हेमलता आईच्या हाताखाली पोळ्या लाटायला शिकली, ते कायमचं तिचं होणार होतं. ती देवापुढे हात जोडून मागायची ते एवढंच.

इकडे त्रिविक्रमराव विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसले आणि अर्थशास्त्रापासून जमिनीच्या कायद्यापर्यंत सगळे पेपर झटक्यात पास झाले. घरात बोलताना त्यांचे शब्द बदलले. हेमलताचं नवं पातेलं काळं पडलं, तर ते म्हणायचे, घसारा लागला. वस्तू वापरून जुनी होते आणि तिची किंमत उतरते, तो घसारा. शेजारच्या सत्यवतीअम्मांचे गुडघे दुखायला लागले त्यालाही त्यांनी तोच शब्द लावला, तेव्हा हेमलतानं त्यांना दटावलं.

आता उरला रिपोर्ट. त्यांचे गुरू भीमाचार्य, धारवाडकडचे, कपाळावर अंगारा, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी. ते आंध्रातल्या मंत्रालयाला राघवेंद्रस्वामींच्या दर्शनाला निघाले होते. जाता जाता एवढंच म्हणाले, की कुठलंही एक घर धरा, मालकाची परवानगी घ्या, बाकी आल्यावर पाहू.

परवानगी घ्यायची म्हणजे काय असतं, ते त्रिविक्रमरावांना गल्लीत हिंडल्यावर कळलं. पहिल्या घरात त्यांना इन्कमटॅक्सचा माणूस समजून नवा रंगीत टीव्ही चादरीखाली दडवण्यात आला. दुसऱ्या घरात वाटलं, रस्ता रुंद होणार आणि कॉम्पाउंड पडणार. तिथल्या आजोबांनी फाटकाशी बसून जी रडारड मांडली, ती थांबवायला त्रिविक्रमरावांनाच कॉफी करून आणावी लागली. सत्यवतीअम्मांनी मात्र हसून आत घेतलं. त्यांनी सगळं घर दाखवलं आणि शेवटी विचारलं, की संडास वायव्येला हलवला तर धाकट्या मुलीचं लग्न जमेल का. वास्तू बघणारा आलाय अशीच त्यांची समजूत झाली होती. त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका आपापल्या मुलींच्या पत्रिका घेऊन त्रिविक्रमरावांना गाठू लागल्या.

शेवटी ते आपल्याच घराकडे वळले. हेमलता म्हणाली, "मोजा हवं तर. पण पद्मा सही करून जाईपर्यंत घराचा विषय कुणाकडे काढू नका. झाकली मूठ राहू दे."

"मी काय लहान मूल आहे?" त्रिविक्रमराव म्हणाले.

ते मोजायला लागले. पोळ्या चालू असताना स्वयंपाकघर मोजलं, हेमलता मधे येत होती म्हणून तिला परसात उभं केलं, आणि तव्यावरची पोळी जळली. लाल फरशी, मंगळुरी कौलं, सागवानी दारं, सगळ्याला त्यांनी घसारा लावला. घसारा लावता लावता घर असं उतरत गेलं, की शेवटी कौलांसकट त्याची किंमत एखाद्या स्कूटरएवढी आली. वडिलांनी उन्हात उभं राहून बांधून घेतलेल्या भिंतींची ही किंमत ऐकून हेमलताला वाईट वाटलं. त्या दिवशी जेवताना तिनं त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

मग त्रिविक्रमराव जागेकडे वळले. आजूबाजूच्या साईट, म्हणजे प्लॉट, कितीला गेल्या याची त्यांनी महिनाभर माहिती काढली. बेंगळूरला तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या, पुण्या-मुंबईची पोरं कॉम्प्युटरवर कामाला उतरत होती, आणि साईटचे भाव दुधासारखे वर येत होते. बेरीज झाल्यावर त्रिविक्रमरावांनी चष्मा पुसला. पुन्हा बेरीज केली. आपण इतकी वर्षं केवढ्या मोठ्या आकड्यावर चटई टाकून झोपत होतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. आणि असा आकडा स्वतः शोधून काढून पोटात ठेवायचा म्हणजे काय शिक्षा असते, हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक!

गणपती आले. पद्माकर आला. येताना बहिणीला नारायणपेठ साडी आणि मेहुण्यांना बाकरवडी घेऊन आला. थोडा वाळला होता. पुण्यातला त्याचा छापखाना नीट चालत नाही, असं हेमलताच्या कानावर होतं, पण तो काही बोलला नाही आणि तिनं विचारलं नाही. सोमवारी सकाळी निघायचं, असं जेवताना पुन्हा ठरलं.

त्याआधीच्या शनिवारी मंडळात गाण्याचा कार्यक्रम होता. गाणारे पाहुणे घसा बसल्यामुळे पुण्यातच राहिले, आणि भरलेल्या हॉलपुढे कार्यकारिणीची धावपळ सुरू झाली. कुणाला तरी त्रिविक्रमराव आठवले. विषय जागच्या जागी ठरला: आपल्या घराची खरी किंमत. आपल्या मंडळींचं असं आहे, की मोकळं स्टेज त्यांना बघवत नाही. जो हाती लागेल त्याच्या गळ्यात हार घालून त्याला उभा करतात.

'इंजिनिअर त्रिविक्रमराव' अशी ओळख करून दिली गेली, आणि तिथेच घात झाला. तो शब्द ऐकायला माणूस उभा जन्म थांबला होता. त्यांनी सुरुवात झकास केली. घसाऱ्याच्या विनोदांना लोक हसले. मग मागून कुणी तरी म्हणालं, उदाहरण देऊन सांगा. हेमलता पहिल्या रांगेत होती. तिनं मान हलवून नको म्हटलं. त्रिविक्रमरावांना वाटलं, ती भले भले म्हणतेय.

तरी त्यांनी नाव घेतलं नाही. "समजा," ते म्हणाले, "एक कौलारू घर आहे. बाहेर लाल फरशीचा कट्टा, पुढे फणसाचं झाड, आणि मालकीणबाई सुगरण आहेत." आणि त्यांनी आकडा सांगितला.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मग कार्यकारिणीतले एक सद्गृहस्थ ओरडले, की अहो, हे तर तुमचंच घर! टाळ्यांचा कडकडाट झाला. हेमलतानं शेजारी पाहिलं. पद्माकरही टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता त्याचे हात हळू झाले, आणि त्यानं पाणी मागितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, पण हात आता दाखवून झाला होता. शाल-श्रीफळ घेऊन त्रिविक्रमराव खाली उतरले, तेव्हा त्यांना बायकोचा चेहरा दिसला आणि आपण काय केलं ते कळलं.

रविवारी सकाळी हेमलता कॉफी गाळत होती. पद्माकर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"अक्का, उद्या नको जाऊ या."

"बरं," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं. छापखाना गहाण पडलाय. पोरीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. माहीत नसतं तर आनंदानं सही केली असती. आता कळलंय, तर मला सोडवत नाही." तो रडायला लागला. "तू मला लबाड म्हण."

"लबाड कशाला म्हणू? निम्मं तुझंच आहे." तिनं त्याला कॉफी दिली. साखर त्याला लागते तेवढी घातली.

त्रिविक्रमराव आतल्या खोलीत पलंगावर बसून हे ऐकत होते. बाहेर येऊन काही म्हणावं असं त्यांना फार वाटलं. पण निम्म्या आकड्याएवढे पैसे त्यांना सात जन्म निवृत्ती घेऊनही मिळाले नसते, आणि तो आकडा चुकलाय असं म्हणावं, तर तो चुकलेला नव्हता. ते रडले. आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी कालची शाल तोंडाशी धरली.

भीमाचार्य मंत्रालयाहून परतले, तेव्हा त्रिविक्रमरावांनी रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. निदान एवढं तरी पदरात पडावं. आचार्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, मान डोलवली, आणि मग पहिल्या पानावरच्या मालकाच्या नावावर बोट ठेवलं.

"हे घर कुणाचं?"

"आमच्या हिचं."

"मग चालत नाही हो. ज्यात आपला लागाबांधा आहे, त्याची किंमत आपण करायची नाही. पहिल्याच धड्यात आहे."

पहिला धडा त्रिविक्रमरावांनी वाचला नव्हता. त्यात आकडेमोड नव्हती, म्हणून ती प्रस्तावना समजून त्यांनी पानं उलटली होती. घर आता विकावंच लागणार, इथपर्यंतची सगळी हकिकत आचार्यांना कळली, तेव्हा त्यांनी रिपोर्ट मिटून परत दिला. मग म्हणाले, "स्वल्प थांबा. विकल्यावर पाहू."

संक्रांतीच्या सुमाराला घर एका बिल्डरला गेलं. पद्माकरचा छापखाना सुटला. हेमलताच्या वाट्याचे पैसे घेऊन दोघं घर शोधायला निघाली, पण ती पैसे मोजेपर्यंत भाव पुढे पळायचे. शेवटी हेब्बाळकडे, बीटीएसची सिटी बस जिथून परत फिरायची तिथे, माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. हेमलतानं तिथं पोळ्या सुरू केल्या. त्या पहिल्यासारख्याच व्हायच्या. त्रिविक्रमरावांच्या घशाखाली मात्र उतरत नव्हत्या.

आचार्यांनी शब्द पाळला. म्हणाले, आता तुमचा लागाबांधा उरला नाही, त्याच घराचा रिपोर्ट नियमात बसतो. मापं तुमच्याकडे आहेतच, फक्त एकदा जाऊन बघून या. त्रिविक्रमराव गेले. स्वतःच्याच फाटकाशी उभं राहून त्यांनी बिल्डरच्या मुकादमाची परवानगी मागितली. कौलं उतरवून झाली होती. स्वयंपाकघराची भिंत पाडून झाली होती आणि विटांचे ढीग रचायचं काम चाललं होतं. मुकादम भला माणूस. त्यानं खुर्ची दिली आणि कॉफी मागवली. त्रिविक्रमरावांनी टेप पिशवीतून काढलाच नाही. बांधकामाच्या रकान्यात त्यांनी 'नाही' असं लिहिलं.

हा रिपोर्ट पास झाला. इतका स्वच्छ, भावनेचा डाग नसलेला रिपोर्ट डिप्लोमावाल्याकडून आजवर आला नव्हता, असं परीक्षक म्हणाले म्हणे. काही महिन्यांनी सहीचा अधिकार मिळाला. त्रिविक्रमराव म्हैसूरपाक घेऊन घरी आले आणि पुडा हातात धरून दारातच उभे राहिले.

हेमलतानं पुडा घेतला, देवापुढे ठेवला, आणि एक तुकडा त्यांच्या हातावर दिला. माणसानं मनापासून मागितलेलं मिळालंय, तर तोंड गोड करायला हवं, असं तिला वाटलं. तिचा राग कधीच निवला होता. राग असता तर त्रिविक्रमरावांना सोपं गेलं असतं.

"मग आता कुणाच्याही घराची किंमत करता येईल ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"हो," त्रिविक्रमराव म्हणाले. "आपलं घर सोडून कुणाच्याही."

"मग काही अडचण नाही," हेमलता म्हणाली. "आपलं आहे कुठं आता?"

आणि ती कुकर उतरवायला आत गेली.