बर्फाला घाम येईपर्यंत

आमच्या शेजारच्या तात्यांकडे तुम्ही भर उन्हात गेलात आणि काहीतरी गार द्या म्हणालात, तर ते तुम्हाला व्हरांड्यात खुर्ची देतात, समोर स्टुलावर बर्फाची लादी आणून ठेवतात आणि सांगतात, "गप बसा. अजून घाम आला न्हाई."

घाम तुम्हाला नव्हे, बर्फाला. तुमच्या अंगाच्या एव्हाना धारा लागलेल्या असतात, त्याचं तात्यांना काही नाही. फ्रीजरमधून काढलेला बर्फ पांढरा, कोरडा असतो. त्याच्यावर पातं चालवलं की नुसता भुगा पडतो. तो थोडा वेळ बाहेर बसला, ओला झाला, आरपार दिसायला लागला, की मग त्याचे कापसासारखे पापुद्रे निघतात. तोवर तात्या लादीसमोर हाताची घडी घालून बसतात. पाणी मागितलं तरी देत नाहीत, जिभेची चव जाते म्हणून.

"अहो तात्या, मी शाळेतून उन्हाची चालत आलेय!" मी ओरडते.

"मग आनी पाच मिनटं बसा. लादीवर ओरडून ती लवकर भिजत न्हाई."

मी माधवनगरच्या शाळेत मराठी शिकवते. दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसतो, त्यामुळं घरी आल्यावर मी कुणाचं काही ऐकून घेत नाही. फक्त तात्यांचं ऐकते, तेही भांडत भांडत. आमचे हे म्हणतात, तुम्ही दोघं भांडत नसलात की मला काळजी वाटते.

तात्या म्हणजे रिटायर्ड सुभेदार. मूळचे कऱ्हाडकडचे, उसाची जमीन असलेल्या घरातले. फौजेतून सुटल्यावर सांगलीला घर बांधलं. काकू गेल्या, एकुलती एक लेक वैशाली इंजिनिअर होऊन जपानला गेली, आणि तात्या घरात एकटे उरले. मग एका उन्हाळ्यात ते लेकीकडे जाऊन राहिले आणि येताना हे खूळ घेऊन आले. बिडाचं, हातानं चाक फिरवायचं बर्फाचं मशीन. बॅगेत मावेना म्हणून स्वतःचे कपडे लेकीकडे ठेवले आणि मशीन आणलं. विमानतळावर विचारलं, हे काय? तात्या म्हणाले, "बर्फाचा रंधा. तुमी लाकूड तासता, आमी पाणी तासतो."

त्या पदार्थाचं नाव काकीगोरी. आपल्या गोळ्याचा हा लांबचा भाऊ आहे, असं मी एकदा म्हणाले, तर तात्यांनी माझी वाटी परत घेतली.

"गोळा? काडीला दगड बांधून चोखायचा, त्येला गोळा म्हनत्यात. ह्यो बगा, जिबंवर ठेवला का गेला. चावायचा न्हाई, चोखायचा न्हाई. ठेवायचा. आन मग ओइशी म्हनायचं. म्हना!"

ओइशी म्हणजे चवदार. तात्यांना जपानीतला हा एवढा एकच शब्द येतो आणि तो म्हटल्याशिवाय कुणाला वाटी खाली ठेवू देत नाहीत.

काकीगोरी कुठं खावी, हे ते आपल्या जुन्या पोस्टिंग सांगाव्यात तसं सांगतात. "नारा म्हनून गाव हाय. तितं बर्फाचं देऊळ हाय, देवाफुडं बर्फ ठेवत्यात. दर्शन घ्यायचं आन भायेर येऊन खायचं. उजीला गेलात तर हिरव्या च्याचं पानी घातलेली. आन लांब दक्षिणंला कागोशिमा. तितं तिला पांढरं अस्वल म्हनत्यात. दूध, फळं, डोळं, नाक, समदं काडलेलं. मी आदी नाक खाल्लं." आणि सांगली-मिरजेत कुठं मिळते विचारलं, की छाती पुढं येते. "हितं. ह्या व्हरांड्यात. दुसरीकडं कुटं मिळाली तर मला कळवा, मी जाऊन बंद करतो."

तिकडं वर काळ्या साखरेचा पाक घालतात. इकडं तात्या काकवी घालतात, ती मात्र फर्मास लागते. पण त्यावर ते गोड शिजवलेली लाल चवळी पसरतात, आणि तिथं माझं डोकं फिरतं.

"तात्या, बर्फावर उसळ?"

"उसळ न्हाई, बाई. तिकडची रीत हाय."

"रीत असली म्हणून काय झालं? उद्या पिठलं घालाल!"

"पिठल्याला घाम यील," ते शांतपणे म्हणाले आणि चाक फिरवायला लागले.

व्हरांड्याबाहेर त्यांनी एक झेंडा लावलाय. पांढरं कापड, खाली निळ्या लाटा आणि मध्ये जपानीतलं लाल अक्षर. त्याचा अर्थ बर्फ. तिकडं सगळ्या दुकानांवर असतो म्हणे. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि एक पथक जीप घेऊन आमच्या गल्लीत शिरलं. साहेबांनी विचारलं, "झेंडा कुठल्या पक्षाचा?"

"बर्फाचा."

"चिन्ह?"

"तुमच्यासमोर वितळतंय की."

"आजोबा, थट्टा नको. उतरवा तो."

"हुकूम लेखी आना. मी लेखी हुकमाशिवाय सीमेवरचा झेंडा उतरवला न्हाई, हितला उतरवू?" साहेबांनी कुठं कुठं फोन लावले. त्या अक्षरावर कुठल्या कलमाखाली कारवाई करायची, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी पथकानं एकेक वाटी खाल्ली, ओइशी म्हटलं आणि ते गेलं. झेंडा अजून तिथंच आहे.

पण तात्यांचा खरा लढा झेंड्याचा नव्हता, जावयाचा होता.

वैशालीनं जपानमध्येच लग्न केलं. मुलगा तिथलाच, नाव केंजी. तात्यांना तो पहिल्या भेटीतच आवडला, आणि जावई म्हटल्यावर मान आलाच, म्हणून ते त्याला केंजीराव म्हणतात. गावाकडं मात्र भडका उडाला. तात्यांचे थोरले भाऊ आबा भावकीत सगळ्यांच्या वरचे. त्यांनी सांगून टाकलं, "आमी ह्याला जावई मानत न्हाई." आबांनी मानलं नाही म्हटल्यावर भावकीनंही मानलं नाही. तात्यांनी सांगलीत दिलेल्या लग्नाच्या जेवणाला गावातून एक माणूस आला नाही.

त्या दिवसापासून तात्यांनी आबांशी बोलणं टाकलं. "जितं माज्या जावयाला पाट न्हाई, तितं मला बी न्हाई," हे त्यांचं वाक्य. मग गावची जत्रा नाही, पुतण्याचं लग्न नाही, काही नाही. एकदा मी समजूत घालायला गेले. म्हणाले, तात्या, थोडं नमतं घ्या, थोरले आहेत. तर म्हणाले, "बाई, मी नमलो तर पोरगी वाकंल. मी न्हाई नमत."

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं आणि काहीतरी जाळीदार, अनारसे नाहीतर बत्तासे, वाण म्हणून द्यायचं. वैशाली आणि केंजीराव येणार म्हटल्यावर तात्यांनी अख्ख्या भावकीला फोन करून आमंत्रण दिलं. आबांना वहिनींमार्फत. कारण सरळ होतं. आबांनी हो म्हटलं की सगळी भावकी पंगतीला बसणार, आणि भावकी बसली की केंजीराव त्या घरचे जावई झाले.

मी म्हणाले, अनारसे मी करते. तात्यांनी वाटीतला बर्फ उन्हात धरला. "जाळीदारच पायजे न्हवं? एवढी जाळी तुमच्या अनारशाला हाय का?"

"अहो, वाण जावयाच्या हातात पडेपर्यंत त्याचं पाणी होईल!"

"मग हातात कशाला? तोंडात देऊ." शेवटी दोन्ही करायचं ठरलं. अनारसे मी केले, आणि ते मऊ झाले असं म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

त्या उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. रोज दुपारी तात्या मशीन पिशवीत घालायचे, बर्फाची लादी थर्माकोलच्या डब्यात, आणि मिरजेची बस धरायचे. संध्याकाळी डबा रिकामा. कुठं जाता विचारलं की एकच उत्तर, "पोस्टिंगवर." मला वाटलं, स्टेशनबाहेर गाडा लावलाय म्हाताऱ्यानं आणि सांगायला लाजतोय.

धोंडे जेवणाचा दिवस उजाडला. तात्यांनी पाट मांडले, रांगोळ्या घातल्या. केंजीराव नव्या कपड्यांत अवघडून बसले. भावकीतलं कुणी आलं नाही. दुपारपर्यंत फोन येत राहिले. "आबांनी सांगितल्याबिगर कसं यायचं, तात्या?" सगळ्यांचं तेच. मला इतका संताप आला की एकाच्या तरी गावी जाऊन चार शब्द सुनवावेत. तात्या फाटकात गेले आणि कॉलनीला हुकूम सोडला, "चला, पाट गार पडाय लागल्यात." सगळे आले. आमचे हे दोनदा जेवले. तात्यांनी जावयाला ओवाळलं, वाण दिलं, वाढताना आवाज जरासुद्धा खाली आणला नाही.

पंगत उठली आणि तात्यांनी मशीनची पिशवी आणि बर्फाचा डबा उचलला.

"पप्पा, आजच्या दिवशी तरी कुठं निघालात?" वैशालीनं दार अडवलं. तात्या चपला शोधायला लागले. केंजीरावांनी उठून त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. मीही चपला घातल्या. मला कुणी बोलावलं नव्हतं.

रिक्षा मिरजेच्या एका हॉस्पिटलसमोर थांबली. वरच्या मजल्यावर एका कॉटवर आबा होते. तोंडात गाठ निघाली होती, किरणांचा शेक देऊन देऊन तोंड आतून सोललं होतं. अन्न जात नव्हतं, बोलता येत नव्हतं. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डाक्टर म्हनले, गार मऊ काय बी द्या. कुनाचं काय जाईना. ह्यो रोज यून बर्फ तासतोय, तेवडा जातोय बगा."

"आणि दोघं बोलतात?" मी विचारलं.

तात्यांनी ऐकलं. "त्येला बोलता येत न्हाई आन मला बोलायचं न्हाई. जमतंय आमचं."

वैशालीनं पिशवीतून मशीन काढून स्टुलावर ठेवलं. तात्यांनी लादी काढली. आज घाई झाली होती आणि बर्फ पुरता भिजायच्या आतच त्यांनी चाक फिरवायला घेतलं. नुसता भुगा पडायला लागला. केंजीराव पुढं झाले. सासऱ्याच्या समोर मोठ्यानं श्वास न घेणारा माणूस, पण त्यानं तात्यांचा हात चाकावरून काढला, त्यांना बाजूला केलं आणि लादीवर तळवा ठेवून वाट बघत उभा राहिला. मग चाक फिरवलं. वाटीत पांढरा, हलका ढीग साचला. चवळी नाही, काकवी नाही. नुसता बर्फ. एक चमचा भरून त्यानं आबांच्या ओठांशी धरला.

आबांनी त्याच्याकडं बघितलं. कोण आहे हे त्यांना न सांगता कळलं होतं. मला वाटलं, आता तोंड फिरवतात. माझ्या मुठी आवळल्या होत्या. आजारी असले तरी मी सोडलं नसतं.

आबांनी तोंड उघडलं.

वाटी संपली. मग आबांनी वहिनींना लॉकरकडं बोट दाखवलं. वहिनींनी औषधं काढली, तर मान हलवली. फळं काढली, तरी नाही. शेवटी आबांची पांढरी टोपी काढली, तेव्हा हात पुढं केला. केंजीरावांना खुणेनं खाली वाकायला लावलं आणि ती त्यांच्या डोक्यावर ठेवली. मोठी झाली, पार भुवयांवर उतरली. केंजीराव तसेच वाकून उभे राहिले, टोपी सारखी करायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. वैशाली रडायला लागली. मी तर आधीच लागले होते.

आमच्याकडं मान द्यायचा म्हणजे टॉवेल आणि टोपी, दोन्ही.

तात्यांचे डोळे भरून आले होते, पण पाठ ताठ होती. कितीतरी वर्षांनी ते थोरल्या भावाशी बोलले. "नुसती टोपी? आन टॉवेल कुटाय रं, आबा?"

आबांना हसू आलं, तोंड दुखलं, पाणी आलं डोळ्यांत. वहिनी म्हणाल्या, नका, नका बोलू. आबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि कसाबसा एक शब्द बाहेर काढला.

"उद्या."