थंड खोलीतले पांचाळमामा

जेद्दाच्या विमानतळावर पोलिसाने पांचाळमामांना पकडलं, तेव्हा ते बाकड्याखाली उताणे पडले होते. चष्मा कपाळावर, आणि बोट बाकड्याच्या पायाच्या जोडावर. पोलीस अरबीत ओरडतोय, मी दोघांचे इकामे, म्हणजे तिथले राहण्याचे परवाने, पुढे करून गयावया करतोय, आणि मामा खालून मराठीत विचारतायत, "हे वेल्डिंग हाय का शेण थापलंय? माणूस पडंल ना मेल्या!"

तेलाच्या तेजीचे दिवस होते. यान्बूला रिफायनरी उभी राहत होती आणि आमच्या कॅम्पात अर्धं कोकण येऊन पडलं होतं. मी हजेरी मांडणारा टाइमकीपर, चिपळूणचा. मामा संगमेश्वराकडचे, वेल्डर. आता वेल्डर काय, कॅम्पात पन्नास होते. पण पाइपाच्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघायचा, आत बारीकशी पोकळी दिसली तरी जोड कापून पुन्हा करावा लागायचा, आणि मामांचा जोड कापलेला मी तरी कधी पाहिला नाही. गोरा इन्स्पेक्टर तर फिल्म न बघताच खडूने पास करायचा. त्यावरून मामा त्यालाच झापायचे. "आधी एक्स-रे काढ, मग पास कर! माझ्या तोंडाकडं बघून नको." तो बिचारा "येस, मामा" म्हणून मुकाट फिल्म मागवायचा.

मामांच्या या एक्स-रेने आमचा जीव खाल्ला होता. मेसमधल्या आमटीला एक्स-रे, कफीलच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, सुट्टीच्या वायद्याला एक्स-रे. मला एक स्थळ सांगून आलं, मी हौसेने मुलीचा फोटो दाखवला, तर मामा म्हणाले, "फोटो काय दाखवतोस? वरनं सगळंच झ्याक असतं." खोटं म्हणून त्यांना खपायचं नाही. मी एकदा एकाची हजेरी पाच मिनिटांनी पुढेमागे केली, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

अशा माणसाला गावाहून पत्र आलं. मामांना अक्षर लावायला त्रास व्हायचा, म्हणून त्यांची पत्रं वाचायची मी आणि लिहायचीही मी. ग्रामविकास मंडळाच्या सेक्रेटरींनी कळवलं होतं की शिमग्याला आपण आठ वर्षांत प्रथमच रजेवर येत आहात, तेव्हा पंचायत समितीच्या सभापतींच्या हस्ते आपला जाहीर सत्कार करण्याचे ठरले आहे. सोबत कार्डाचा मसुदा होता: 'गावचे सुपुत्र, सौदी अरेबियातील सुप्रसिद्ध इंजिनियर श्री. दत्ताराम पांचाळ.'

"इंजिनियर?" मामा ताडकन उठले. "इंजिनियर कोण? लिही त्यास्नी. मी वेल्डर हाय. कार्डावर वेल्डर छापा, नायतर सत्कार खलास!"

सगळ्यांनी समजावलं. मामा, गावाला काय कळतंय, शाल घ्या, नारळ घ्या, गप बसा. पण मामा कसले ऐकतात! मी लिहिलं, पत्र गेलं, आणि रजा पंधरा दिवसांवर आली तेव्हा उत्तर आलं.

शुक्रवार होता, जेवणं झाली होती. मी मोठ्याने वाचायला लागलो. सेक्रेटरी लिहीत होते की इंजिनियर हा शब्द आमच्या पदरचा नव्हे. आपली कन्या सुनंदा हिचा 'माझे वडील' हा निबंध तालुक्यात पहिला आला, तो वाचूनच सभापती यायला कबूल झाले. आता आपण वेल्डर छापायला सांगता, तर पोरगी चार लोकांत खोटी पडेल, याचा विचार व्हावा.

सोबत निबंधाची नक्कल होती. 'माझे वडील सौदीला इंजिनियर आहेत. ते थंड खोलीत बसून काम करतात. त्यांना ऊन लागत नाही. त्यांना कसलाही त्रास नाही.'

मी अडखळलो. ही वाक्यं माझ्या ओळखीची होती. आठ वर्षं मामा सांगत होते आणि मी लिहीत होतो, 'इकडे आम्ही थंड खोलीत असतो, ऊन लागत नाही, कसलाही त्रास नाही, काळजी नसावी.' पोरीने फक्त अशा खोलीत कोण बसतं याचा हिशेब केला होता. मला माझ्याच अक्षराची लाज वाटली.

"पुन्हा वाच," मामा म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"लिही," शेवटी म्हणाले, "इंजिनियरच राहू दे."

मग पंधरा दिवस माझ्याकडे मामांची शिकवणी चालली. "इंजिनियर खिशाला पेनं किती लावतो रे?" दोन, म्हटलं. "उन्हात किती वेळ उभा राहतो?" फोटो काढून होईपर्यंत, म्हटलं. हसले नाहीत. निघताना माझा लांब बाह्यांचा शर्ट मागून घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचे हात ठिणग्यांनी भाजलेले होते, ते झाकायला.

दोन महिन्यांनी परत आले. शाल दाखवली, फोटो दाखवला.

"भाषण केलंत?"

"केलं. चार वाक्यं. लोकांनी टाळ्या वाजवल्यान."

"आणि सुनंदा?"

मामा चष्मा काढून पुसत बसले. मग आपणहून सांगायला लागले.

"सत्काराच्या दुसऱ्या दिवशी इहिरीवर आंघोळ करत होतो. पोर टॉवेल घेऊन आली. हात बघितलान. म्हटलं, आता ओरडंल, आईला हाक मारंल. नाय. गपचूप बाजूला बसली, हात मांडीवर घेतलान, आणि एकेका डागावर बोट ठेवून इचारायला लागली. हा कधीचा? हा कधीचा? मी सांगत गेलो. काय लपवणार?"

"चिडली नाही?"

"चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'बाबा, लय दुखलं असंल ना?' आठ वर्षांत कुणी इचारलं नव्हतं रे. सत्कारात डोळ्यांत टिपूस आलं नाय, आणि तिथं इहिरीवर, सगळ्या वाडीच्या बायका बघतायत, मी आपला पोरासारखा रडतोय. तिनं माझं तोंड टॉवेलानं पुसलान. म्हणाली, 'असू दे, असू दे, झालं आता.'"